राखून ठेवलेले हात

त्यांचे संपूर्ण नाव खडकोजी कंदाजी कर्टुले आणि वय अकरा पावसाळे. ज्या राज्यात ते राहत, तेथे प्रत्येक वेलाशेजारी वरून एक दोरी सोडलेली होती. आणि त्यांच्याखेरीज कोणीही ती धरीत नसे.

ते राज्य वेलांचे होते. दोऱ्या कोणी सोडल्या आणि त्यांची वरची टोके कोठे बांधलेली आहेत, हे कोणीही पाहिलेले नव्हते. वेल कितीही उंच गेला तरी दोरी त्याच्याही वर गेलेली दिसे. दिसायला ती साधी होती, काथ्याची, खरखरीत, अंगठ्याएवढी जाड. तिच्याविषयी कोणाच्या मनात अनादर नव्हता. उलट आदर इतका वाढला होता की तिला स्पर्श करणे हाच उद्धटपणा मानला जाऊ लागला होता.

वेलाच्या पेरापेराशी, पानाच्या बगलेत, एक बारीक हिरवा तंतू फुटतो आणि हवेत चाचपडत पुढे जातो. त्या राज्यात त्याला हात म्हणत. हाताचे काम धरणे. परंतु राज्याचा पहिला नियम असा होता की दोरी महासंकटासाठी आहे, सबब हातही महासंकटासाठीच राखून ठेवावा. रोजच्या वाऱ्यापावसाला शेजाऱ्याच्या अंगावर रेलावे, देठात देठ अडकवावा, पानाखाली पान सारावे, आणि दोरीकडे नुसते पाहून मान लववावी. नियम किती जुना आहे असे विचारले की सर्वजण ‘फार जुना’ असे सांगत. खडकोजींना तो याच हंगामाच्या आरंभी झालेला स्पष्ट आठवत होता. तत्पूर्वी वेल आपापल्या दोरीला धरून वाढत, आणि त्याविषयी चर्चा होत नसे.

राखलेला हात काही दिवसांनी आपोआप वळू लागे. प्रथम टोकाला आकडा, मग एक वळी, मग दुसरी, मग तिसरी. बांगड्यांच्या चळतीसारखा तो सुरेख दिसे. या वळ्यांनाच ते साठलेले बळ समजत. पाच वळ्या असणारा प्रतिष्ठित, सात वळ्यांचा मानकरी, आणि नऊ वळ्यांच्या पुढे सरदार. रोज सकाळी दव वाळले की पाहणी भरे. प्रत्येक वेल पान बाजूला करून आपले हात दाखवी, आणि ज्याच्या हातांना अधिक वळ्या त्याच्याकडे पाहून इतर सुस्कारा टाकीत.

या पाहणीत खडकोजींकडे दाखवण्यासारखे काही नसे. त्यांना तेवीस हात होते आणि तेवीसही दोरीला गुंतलेले होते.

इतर वेलांचे आयुष्य एका हंगामाचे. खडकोजी कर्टुल्याच्या कुळातले, म्हणजे रानातले. त्यांचा कंद खडकाच्या फटीत होता. दर हिवाळ्यात वरचे सर्व सोडून कंदात उतरायचे आणि पुढच्या हंगामात हातात काहीही नसताना अंधारातून पुन्हा वर यायचे, असे त्यांनी अकरा वेळा केले होते. अकराही वेळा वर येताच जी पहिली वस्तू हाताला लागली ती दोरी. त्यामुळे तिच्या बाबतीत त्यांना संकोच नव्हता. वारा आला की ते दोरीला धरत. दव जड झाले की धरत. मान अवघडली तरी धरत. या गोष्टीचा त्यांना अभिमानही होता, आणि तो ते लपवीत नसत. ‘मी’ हा शब्द ते सावकाश आणि संपूर्ण उच्चारीत.

श्रावण सरता सरता त्यांना दरबारात बोलावणे आले.

राज्याचे अधिपती श्रीमंत घनभार भोपळे हे होते. ते जमिनीवर पसरलेले असत. आपल्या जागेवरून ते कधीही वर चढलेले नव्हते, म्हणून पडण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आलेला नव्हता. आणि याच कारणास्तव त्यांना दोरीचे रक्षक नेमलेले होते. त्यांच्या उजवीकडे तवसशास्त्री बसत. ते काकडीच्या थोरल्या घराण्यातले, अंगाने थंड, बोलण्यात पाण्याचा अंश मोठा. संकट कोणते लघु, कोणते मध्यम आणि कोणते महा, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता.

“कर्टुले,” भोपळे म्हणाले, “काल सायंकाळी आपण दोरीला हात लावलात?”

“तीन वेळा. आपल्याला कितवी वेळ विचारायची आहे?”

मागे कोणीतरी हसले आणि लगेच खोकले.

“कारण सांगा.”

“एकदा अंगावर गोगलगाय चढली. एकदा उन्हाने मान पडली. तिसऱ्या वेळी कारण नव्हते.”

“कारण नव्हते!” तवसशास्त्री पुढे झुकले. “ऐकलेत? गोगलगायीसाठी दोरी! उद्या पानाला खाज सुटली म्हणून वर हात कराल.”

“सुटली तर करीन.”

“अहो, ज्याच्या हाती ती दोरी आहे त्याने तुमची गोगलगाय उतरवत बसावे काय? काही मर्यादा? काही लहानमोठे?”

“शास्त्रीबुवा, त्याच्या उंचीवरून आपला भोपळा आणि माझी गोगलगाय यांत किती अंतर दिसत असेल, ते मला ठाऊक नाही. आपल्याला असेल तर सांगा.”

दरबारात कुजबुज झाली. भोपळ्यांचा रंग आणखी पिवळा झाला. मागच्या रांगेतील पडवळ, जो कोणत्याही सभेत मान लांब करून बोले, ओरडला, “अंगाला फळ एक नाही, अन् आधार मात्र तेवीस हातांनी! बाबा, जपायचंय तरी काय एवढं?”

हसण्याचा लोट उठला. खडकोजी नरवेल होते. त्यांच्या कुळात फळ धरणे मादीकडे असे. ते सर्वांना माहीत होते, म्हणूनच सर्व हसले.

“फळ नाही, म्हणून माझ्यावर भार नाही,” खडकोजी म्हणाले. “आपल्यावर आहे. तो कसा खाली येतो हे पाहायला आपण पुढच्या वर्षी नसाल, पडवळराव. मी असेन.”

हे बोलणे खरे होते, परंतु ते बोलायला नको होते. हसणे थांबले आणि त्या जागी दुसरेच काही आले.

“दोरी झिजते,” भोपळे शांतपणे म्हणाले. “आपण रोज धरता, आणि त्याचा परिणाम महासंकटात आम्हा सर्वांना भोगावा लागेल.”

“अकरा वर्षे मी धरतो आहे. कोठे झिजली ते दाखवा.”

“ते पाहायचे तर तिला हात लावावा लागेल. ते निषिद्ध आहे.”

निकाल असा झाला की कर्टुल्यांना सर्वांनी वर्ज्य करावे. त्याच दुपारी शेजारच्या वेलांनी आपली रुंद पाने त्यांच्या अंगावर पसरली. दुध्याने तीन पाने दिली, भोपळ्यांच्या नातेवाइकांनी सात. खडकोजींच्या वाट्याचे ऊन अशा रीतीने काढून घेण्यात आले. त्यांची खालची पाने पिवळी पडली आणि गळाली. एकेक पान गळे तसे ते तेवीसही हातांनी दोरी आणखी थोडी आवळीत.

त्यांच्या उजव्या बाजूस शिराळीबाई राहत. त्या शिराळ्याच्या वेल. त्यांना नऊ वळ्यांचे चार हात होते, आणि पाहणीत त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत जागा सोडलेली असे. वर्ज्य करण्याच्या दिवशी त्यांनीही एक पान दिले होते. मात्र ते काहीसे विरळ होते आणि त्यातून थोडे ऊन झिरपत असे.

एके दिवशी भर दुपारी, सर्वजण उन्हाने मान टाकून पडले असता, त्या हळूच म्हणाल्या, “खडकोजीबाबा.”

“बोला.”

“मी तुमच्याशी बोलत नाहीये हं. पडवळ बघतोय.”

“मग कोणाशी बोलता आहात?”

“स्वतःशी. तुम्ही आपले मधे ऐका.” त्यांनी पडवळाकडे एकदा पाहून घेतले. “माझी बाकीची सगळी फळं कोवळी असतानाच तोडून नेली. हे एकच बियाण्याचं राहिलंय. जड झालंय हो फार. देठाला चीर गेलीय. काल वाटाण्याएवढी होती, आज वाढलीय. हे पडलं तर माझ्यामागं काहीसुद्धा उरत नाही.”

“दुध्यावर रेला.”

“रेलले की. तोच माझ्यावर रेललाय. मी जरा सरकले की तो म्हणतो, बाई, हलू नका, मी पडेन.”

“दोरी तुमच्यापासून दोन बोटांवर आहे.”

“एका शिराळ्यासाठी?” शिराळीबाईंचा आवाज अधिकच खाली आला. “लाज वाटते हो. इतक्या जणांची एवढाली दुखणी, आणि मी आपली जाऊन म्हणायचं, माझं एक फळ धरा. वरच्याला काय व्याप कमी असतील?”

“व्याप त्याचे आहेत. ते वाटून घ्यायला तुम्हाला कोणी सांगितले?”

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले, आणि आपल्या नऊ वळ्यांच्या हातांतला सर्वांत देखणा हात दोरीकडे नेला.

हात उघडला नाही. त्यांनी तो ताणला, दुसऱ्या अंगाने पिळला. मग एक बारीकसा, कोरडा आवाज झाला आणि हाताचे टोक मोडून खाली पडले. मोडलेल्या जागी ओल नव्हती. आत हिरवे काहीच नव्हते. उन्हात पडलेली काडी असते तसे ते भुरकट होते. त्यांनी दुसरा हात पाहिला. तिसरा पाहिला. चौथ्याकडे त्या वळल्याच नाहीत.

“बाबा,” त्या म्हणाल्या, आणि या वेळी आपण स्वतःशीच बोलत आहोत हे विसरल्या.

खडकोजींनाही हे ठाऊक नव्हते. त्यांनी आपला हात कधी रिकामा ठेवलेलाच नव्हता, त्यामुळे रिकाम्या हाताचे काय होते हे पाहण्याचा प्रसंग त्यांना आला नव्हता. त्यांनी ते मोडके टोक वाकून जवळून पाहिले.

“नवा हात आहे का कोठे?”

“एक आहे. कालचा. बगलेत झाकून ठेवलाय. त्याला अजून वळी नाही, चारचौघांत कसा दाखवायचा?”

“तोच काढा.”

तो हात केसासारखा बारीक होता. दोरीला टेकताच तो थरथरला आणि आपण होऊन तिच्याभोवती फिरला. एकदा फिरला, पुन्हा फिरला आणि घट्ट बसला. शिराळीबाईंचे अंग किंचित वर उचलले गेले. चिरलेला देठ ताणातून सुटला. त्यांनी पटकन एक रुंद पान त्या हातावर ओढून घेतले.

“कोणाला सांगू नका,” त्या म्हणाल्या.

“मी तुमच्याशी बोलतच नाही आहे,” खडकोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाहणी भरली तेव्हा खडकोजींनी बोलण्याची परवानगी मागितली. वर्ज्य केलेल्याला ती देता येत नाही असे तवसशास्त्रींनी सांगण्यापूर्वीच ते बोलू लागले होते. त्यात कळकळ किती आणि अकरा पावसाळ्यांचा ताठा किती, हे त्यांनाही निश्चित सांगता आले नसते.

“आपल्यापैकी कोणीही एकाने,” ते म्हणाले, “आपला एक हात उघडून दाखवावा. दोरीला लावू नये. केवळ उघडावा. इतकेच माझे मागणे आहे.”

मग एकाच वेळी सर्वजण बोलू लागले.

“आमच्या हातांवर संशय?”

“अकरा वळ्या आहेत माझ्या! अकरा! याच्याकडे एक तरी आहे का बघा!”

“पोटात दुखतंय म्हाताऱ्याच्या, दुसरं काही नाही.”

“उघडा ना,” खडकोजी म्हणाले. “मी खोटा ठरलो तर आपलेच काम होईल.”

दुध्या अकरा वळ्यांचा सरदार होता. त्याने पान बाजूला केले, आपल्या हाताकडे पाहिले, आणि क्षणभर असे वाटले की तो उघडेल. मग त्याने पान पुन्हा जागेवर ठेवले.

खडकोजींनी शिराळीबाईंकडे पाहिले. त्या पहिल्या रांगेत होत्या. मोडलेल्या हातावर त्यांनी एक पिवळे फूल टेकवून ठेवले होते. त्यांनी खाली मातीकडे पाहिले, आणि तेथून नजर काढली नाही. खडकोजींनी त्यांचे नाव घेतले नाही.

तवसशास्त्री उभे राहिले. “हात उघडून पाहणे म्हणजे तो चालेल की नाही याची शंका घेणे. हाताची शंका म्हणजे दोरीची शंका. आणि दोरीची शंका म्हणजे काय, हे मी या सभेत उच्चारू इच्छित नाही.”

“उच्चारू नकाच,” भोपळे म्हणाले. “कर्टुल्यांना हात फार झाले आहेत. ते काढून घ्या.”

लाल भुंगेरे हे त्या राज्याचे शिपाई. त्यांचे जमादार तांबडे वीस जणांना घेऊन आले आणि खडकोजींसमोर अदबीने उभे राहिले.

“बाबा, राग मानू नका. आमचं काय, वरनं हुकूम आलाय.”

“खायला तुम्हाला हुकूम कधीपासून लागू लागला?”

जमादाराने मिशा फेंदारल्या आणि वरच्या पेरापासून सुरुवात केली. काम पद्धतशीर होते. एक हात कुरतडला जाई, खडकोजी थोडे खाली येत, आणि दुसऱ्या हातावर भार पडे. मग तो जाई. दहाव्या हातापर्यंत ते ताठ होते. पंधराव्या हाताच्या वेळी त्यांनी डोळे मिटल्यासारखी सर्व पाने मिटली. तेविसावा हात तुटला तेव्हा ते सरळ खाली आले आणि चिखलात आडवे झाले. दोरीचे खालचे टोक त्यांच्यापासून वीतभर वर हलत होते.

“काय बाबा,” पडवळ वरून म्हणाला, “गोगलगाय चढली तर आता कोणाला सांगणार?”

गोगलगाय खरोखरच चढली. तिने त्यांच्या उरलेल्या पानांपैकी दोन खाल्ली. खडकोजी पाहत राहिले. अकरा पावसाळ्यांत प्रथमच त्यांच्या हातात काही नव्हते, आणि धरण्याची सवय मात्र तशीच होती. जेथे हात होते तेथे ते अजून आवळत असल्यासारखे वाटे. आजवर ते दोरीपाशी काही बोललेले नव्हते. धरणे पुरत असे. त्या दिवशी त्यांनी चिखलातून वर पाहिले, आणि त्यांच्या सर्व घडीव भाषेतून दोनच शब्द हाती आले.

“हात नाहीत,” ते म्हणाले.

उत्तर आले नाही. दोरी हलत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या शेंड्याशी एक हात फुटला. तो नखाएवढा होता. त्याच्याने मुंगीचा पायही धरला गेला नसता.

आणि त्याच दुपारी पश्चिमेकडून वारा आला.

आरंभी तो नेहमीचाच वाटला. वेल एकमेकांवर रेलले, देठात देठ अडकले, पानांखाली पाने सारली गेली. मग वाऱ्याने दुसऱ्यांदा श्वास घेतला आणि सगळ्या राज्यातील पाने एकदम उलटी झाली. हिरवे राज्य पांढरे दिसू लागले.

“शास्त्रीबुवा!” दुध्या ओरडला. “धरायचं का?”

“पाने उलटणे हे लघुसंकट,” तवसशास्त्री म्हणाले. “रेलून राहा.”

शेंडे मोडू लागले. पडवळाचा शेंडा तुटून भोपळ्यांच्या पाठीवर पडला.

“शास्त्रीबुवा, जाहीर करा!”

“शेंडा मोडणे हे मध्यम. घाई करू नका. चुकीच्या वेळी धरली तर खऱ्या वेळी काय धराल?”

“अहो, माझं मूळ हललं!”

“हलले की निघाले? दोहोंत भेद आहे.”

वारा आता झोतांनी येत होता. एका झोताबरोबर तवसशास्त्रींचे स्वतःचे मूळ मातीतून वर आले, पांढरे, लांब, थरथरणारे. त्यांनी त्याच्याकडे पाहिले. मग त्यांचा थंड, पाणीदार आवाज फाटून गेला.

“महासंकट! महासंकट! हात वर करा!”

सर्वांनी हात वर केले. इतके दिवस जपलेले, पानांखाली झाकलेले, नऊ वळ्यांचे, अकरा वळ्यांचे सर्व हात एकाच क्षणी आपापल्या दोरीकडे गेले. दोऱ्या जागच्या जागी होत्या, प्रत्येकासमोर. त्यानंतर जो आवाज झाला तो वाऱ्यातही ऐकू आला. चुलीत काटक्या घालण्यापूर्वी त्या मोडाव्यात तसा तो होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मग त्यांनी एकमेकांना धरून ठेवले, म्हणजे देठांनी आणि पानांनी जेवढे धरता येईल तेवढे. ते सर्व एकमेकांत अडकलेले होतेच. वाऱ्याने त्यांना वेगळे केले नाही. चादर उचलावी तसे सगळे राज्य एका अंगाने उचलले, उलटे केले आणि खाली टाकले. ते भोपळ्यांवर पडले. भोपळ्यांचा देठ तुटला, आणि श्रीमंत घनभार आयुष्यात प्रथमच आपल्या जागेवरून हलले. उतारावरून घरंगळत, सर्वांना थांबण्याची आज्ञा देत, ते खालच्या चरात जाऊन फुटले.

खडकोजी चिखलात होते. पहिल्या झोताने त्यांना जमिनीवरून उचलले तेव्हा नखाएवढा हात त्यांनी पुढे केला. दोरी लांब होती, पोचण्यासारखी नव्हती. मग तिलाही वाऱ्याने फेकले आणि ती येऊन त्यांच्या अंगावर आदळली. हात वळला. दुसऱ्या झोतापर्यंत तो तसाच होता. दुसऱ्या झोताला तो सुटला. सुटताना ते त्यांना स्पष्ट कळले. त्यानंतरचे त्यांना काही कळले नाही.

वारा थांबला तेव्हा ऊन पडलेले होते. दोऱ्या ओळीने, सरळ, कोरड्या उभ्या होत्या. त्यांच्यावर एकही ओरखडा नव्हता, बांधल्या दिवसासारख्या त्या कोऱ्या होत्या. खाली वेलांचा ढीग होता. ढिगातून जागोजागी हात वर आलेले होते, आणि त्यांची वेटोळी अजून मिटलेलीच होती.

शिराळीबाईंची अर्धी पाने गेली होती. केसासारख्या त्या एका हाताने त्या दोरीला लागून होत्या, आणि बियाण्याचे शिराळे देठासकट जागेवर होते. त्यांनी मान वळवून आपल्या डाव्या बाजूस पाहिले.

“बाबा! आहात ना?”

“आहे.”

“धरलंत ना घट्ट?”

खडकोजींनी खाली पाहिले. त्यांचा नखाएवढा हात छातीवर पडलेला होता. तो उघडा होता आणि त्यात काही नव्हते. दोरीने त्यांच्या देठाभोवती खालून वर तीन वेढे घेतले होते, आणि ते त्या वेढ्यांत जमिनीपासून हातभर उंच लटकत होते.

“नाही,” ते म्हणाले.

त्या दिवसानंतर खडकोजी कर्टुले यांनी आपल्या अकरा पावसाळ्यांविषयी बोलणे सोडले. पुढील हंगामात शिराळीबाईंच्या बियांतून चौदा वेल उगवले. सकाळची पाहणी भरली नाही, आणि त्या राज्यातील दोऱ्या दुरून हिरव्या दिसू लागल्या.